पालथे हात

शरीररचनाशास्त्राच्या तोंडी परीक्षेत मी नापास झालो. इतरही चुका झाल्या असतील, पण मला एकच आठवते. हाताच्या पाठीवरच्या शिरांची आकृती मला पाठ होती. बोटांकडून येणाऱ्या तीन शिरा, त्यांचं जाळं, अंगठ्याच्या बाजूनं वर जाणारी सेफॅलिक आणि करंगळीच्या बाजूनं बॅसिलिक. परीक्षक म्हणाले, "हेच तुझ्या हातावर दाखव."

मी हात खाली सोडला, मूठ आवळली. शिरा फुगल्या, पण पुस्तकातला आकार काही दिसेना. माझाच हात चुकीचा असावा, असं मला खरोखर वाटलं.

आमच्या घरात माझ्याआधी कॉलेज कुणी पाहिलं नव्हतं. पुन्हा नापास झालो असतो तर शिष्यवृत्ती बंद होऊन तेही सुटलं असतं.

दिवाळीच्या सुट्टीत आखाडा बाळापूरजवळच्या आमच्या गावी आलो. आई मजुरीनं कापूस वेचायला जायची; एक दिवस मीही तिच्यासोबत रानात गेलो. दुपारी बायका बांधावर भाकरी खायला बसल्या, तेव्हा मी भीतभीत म्हणालो, "मला तुमचे हात बघायचेत." सगळ्यांनी तळवे पुढे केले.

"आधी माझा बघ," शेजारची काकू म्हणाली. "पोरीचं लगीन कवा जमन?"

"काकू, पालथा कर. मागून बघायचाय."

"मागून? नशीब काय पाठीवर लिवलेलं असतं व्हय?"

"डाक्टर होऊन राहिला ना तो," आई म्हणाली. "त्याचं समदं उलटंच."

काकूची एक ठळक शीर मी बोटांच्या बाजूला दाबून धरली आणि दुसऱ्या बोटानं रक्त मनगटाकडे सारलं. शीर सपाट झाली. पहिलं बोट उचललं, तशी ती पुन्हा भरली.

"अगं बया, शीर गायब केली यानं!" मग प्रत्येकीला ते करून घ्यायचं होतं.

मी वहीत एकेक हात काढत गेलो. कुणाचं जाळं कमानीसारखं, कुणाच्या दोन शिरा मध्येच एक झालेल्या. आईच्या डाव्या-उजव्या हाताचंसुद्धा जुळत नव्हतं. अंगठ्याकडची आणि करंगळीकडची वाट मात्र सगळ्यांच्या हातांना होती.

"पुस्तकात असं न्हाई," मी म्हणालो.

"मंग त्या पुस्तकवाल्यानं बायकायचे हात बघितलेच नसतील," काकू म्हणाली, आणि सगळ्या हसत कामाला उठल्या.

फेरपरीक्षेला परीक्षक दुसरे होते. त्यांनीही हाताच्या पाठीवरच्या शिरा काढायला सांगितल्या. माझ्या तोंडून निघून गेलं, "सर, पुस्तकातल्या काढू, की माझ्या?"

"उद्धटपणा करतोस?"

"नाही सर. दोन्ही सारख्या नाहीत, म्हणून विचारलं."

त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. "तुझ्या काढ."

मी काढल्या. त्यांनी माझं मनगट धरून एकेक शीर कागदाशी ताडून पाहिली आणि म्हणाले, "जा."

निकालापर्यंत आठ दिवस मी तो प्रश्न विचारल्याबद्दल स्वतःला दोष देत होतो. मग कळलं, मी पास झालो. त्या प्रश्नामुळे, की तो विचारूनही, हे मला अजून सांगता येत नाही.