चिनहटच्या बाईची फी

माझं शुद्धलेखन चुकतं आणि अक्षरही वाकडंतिकडं आहे. शाळा चौथीपर्यंतच झाली. कुणाच्या हाती ही वही लागली तर सांभाळून घ्यावं. पण लिहिल्याशिवाय जीव थाऱ्यावर येत नाही.

आमच्या ह्यांनी लखनौच्या कोर्टात तीस वर्षं वकिली केली. अमरावतीहून आलेल्या मराठी वकिलाला लोक आधी हसायचे, मग हात जोडायला लागले. दोन वर्षांपूर्वी ह्यांना शहराचं एक मानाचं पद मिळालं. पगार नाही, अधिकार नाही. फिती कापायच्या, शाल घ्यायची, चार शब्द बोलायचे. ह्यांनी कोर्ट सोडलं आणि केसेस ज्युनिअरकडे दिल्या.

मग शहराच्या कडेच्या चिनहटची एक बाई घरी येऊ लागली. कारखान्यात तिच्या नवऱ्याचा हात गेला होता. भरपाईची केस ह्यांच्याकडे होती आणि फीचे अठरा हजार तिने आधीच भरले होते. आता ज्युनिअर नव्याने फी मागत होता. दुसऱ्या वकिलाकडे जावं, तर ह्यांनी केस सोडल्याचा कागद सही करून दिल्याशिवाय तो हात लावेना.

"भाभीजी, साहब से एक बार कह दीजिए," ती म्हणायची.

"हाँ, कहूँगी," मी म्हणायचे. पण कोर्टाच्या गोष्टीत मी कधी तोंड उघडलं नव्हतं. ती गेली की माझं कशात लक्ष लागायचं नाही. भाजी करपायची, उगाच दारापर्यंत जाऊन परत यायचे. एकदा धीर केला. "अहो, ती चिनहटची..."

"ज्युनिअर बघेल. तू चहा पाठव."

मुलगा म्हणाला, "आई, छोड़ो ना. पापा अब बड़े आदमी हैं."

एका रविवारी जानकीपुरम मोहल्ल्याची मंडळी ह्यांचा सत्कार करायला घरी आली. नेमकी ती चिनहटची बाई मागच्या दाराशी उभी. मी तिचा हात धरला, पुढच्या खोलीत नेलं आणि पाहुण्यांच्या शेजारी कोचावर बसवलं.

"बहनजी कौन हैं?" कुणीतरी विचारलं.

"साहब हमारे वकील हैं. अगली तारीख पूछने आए थे."

"वाह! अभी भी मुक़दमे लड़ते हैं आप?"

हे गळ्यातला हार चाचपत राहिले.

मंडळी गेल्यावर म्हणाले, "चारचौघांत अब्रू घालवलीस माझी."

"मी फक्त बसवलं तिला."

दोन दिवस ह्यांनी अबोला धरला. तिसऱ्या दिवशी तिला स्वतःच बोलावलं, कागदावर सही केली, फीतले दहा हजार परत दिले.

"आणि बाकीचे?" मी विचारलं.

"पदाचे पैसे मिळतात का मला? कुर्ते, पेट्रोल, सगळं खिशातून."

पुढे महिनाभर मी रोज जेवताना तेवढंच विचारत होते. शेवटी ह्यांनी एका ओळखीच्याचा करारनामा लिहून दिला, त्याचे पैसे आले. ते कपाटात जायच्या आत मी ऑटो बोलावली आणि दोघं चिनहटला गेलो.

तिने खाटेवर बसून आठ हजार मोजले. "पूरे हैं, साहब."

"एक बार फिर गिन लीजिए," हे म्हणाले.

तिने पुन्हा मोजले. अठराच्या अठरा हजार फिटले.