बारावर मिळालेले काटे

सूर्यभानजी घडीवाल्यांचा हात कापतो हे साऱ्या अमरावतीत कोणालाच ठाऊक नाही, अशी निदान सूर्यभानजींची समजूत होती. तेल्हाऱ्याची काळी जमीन भावाच्या हवाली करून त्यांनी राजकमल चौकामागच्या गल्लीत दुकान थाटलं, त्याला चाळीस वर्षं झाली. सेलवर चालणारी जुनी घड्याळं, ज्यांचे सुटे भाग आता कंपनीकडेही सापडायचे नाहीत, ती त्यांच्याकडे यायची. माणूस तिरसट, पण हातात जादू. "फेका हे, नवीन घ्या," असं गिऱ्हाइकाला सांगणाऱ्या दुकानदाराचं नाव निघालं की भडकलेच म्हणून समजा. मागच्या झाकणाच्या आतल्या बाजूला बारीक 'सू' कोरल्याशिवाय दुरुस्त घड्याळ ते परत देत नसत. हात कापायला लागला तसं त्यांनी गिऱ्हाइकासमोर घड्याळ उघडणं बंद केलं. "ठेवून जा," एवढंच म्हणायचे.

अकोल्याचे किसनराव तबला शिकवतात. त्यांना जन्मापासून दिसत नाही. त्यांच्या मनगटावरच्या घड्याळाची काच बटण दाबलं की झाकणासारखी उघडते, मग काटे बोटानं चाचपायचे आणि वेळ ओळखायची. तीस वर्षं जपलेलं, दरवर्षी सूर्यभानजींकडूनच साफ करून घेतलेलं ते घड्याळ एक दिवस थांबलं. बसनं अमरावती गाठून त्यांनी ते सूर्यभानजींच्या हाती दिलं.

"फोनबी वेळ सांगते हो," ते म्हणाले, "पण साऱ्या एसटीले ऐकवते. ही घडी मले एकट्यालेच सांगते. काहीबी करा, पण हिलेच चालू करा. मी आठ दिवसांनी येतो."

सूर्यभानजींनी मीटर लावलं. मीटरचा काटा ढिम्म हलेना. कॉइलची तार कुठंतरी तुटली होती. मुंबई-दिल्लीपर्यंत फोन झाले, घड्याळाच्या आतलं तसं मशीन कुणाकडेच नव्हतं. नव्या मशीनची दांडी बारीक, रोज बोट सोसणारे हे जाड काटे तिच्यावर बसेनात. आता तीच तार जोडायची, नाहीतर हात जोडून किसनरावांची माफी मागायची. आणि तार कसली, केसाहून बारीक! तीन दिवस त्यांनी झटापट केली. चौथ्या दिवशी दुपारी चिमटा घसरला नि कॉइलचा आणखी एक वेढा उसवला.

"मेलं सारं!" ते ओरडले आणि भिंतीकडे तोंड करून बसले.

सून वर्षाली डबा घेऊन आली ती नेमकी तेव्हाच. वरूडची पोर. माहेरी संत्र्याची रोपवाटिका. जंबेरी लिंबाच्या रोपाची साल चिरून तिच्यात संत्र्याचा डोळा बसवायचा, हे तिनं लहानपणापासून केलेलं. दिवसाला पाचशे डोळे बांधायची. तिनं भिंगातून तार पाहिली.

"मामाजी, मी पाहू?"

"हे काय संत्र्याचं रोप हाये, बाई?"

"रोपाले तरी जीव असते मामाजी, थे मरते. ह्या तारीले काय होते?"

ती खुर्चीवर बसलीच नाही. रोपांच्या वाफ्यात बसतात तशी खाली उकिडवी बसली, पाट पुढ्यात ओढला आणि कोपरं गुडघ्यांवर टेकवली. अरे बाप्पा! हात जागच्या जागी स्थिर झाले. चाळीस वर्षं टेबलावर मान मोडून सूर्यभानजींना हे कधी सुचलं नव्हतं. तिनं तारेला ओढलं नाही. उसवलेला वेढा अलगद मोकळा केला, टोक सापडेपर्यंत वाट पाहिली. ते नुसतं सांगत राहिले, आता टोक खरवड, आता इथं टेकव, आता कथलाचा डाग दे. डाग बसला. त्यांनी मीटर लावलं आणि काटा उठला. सूर्यभानजींचे डोळे भरून आले. असला हात त्यांनी उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता, स्वतःचासुद्धा नाही. काटेही तिलाच बसवायला लावले.

आणि तरी माणूस बघा! ती घरी गेल्यावर त्यांनी झाकणाच्या आत सवयीनं 'सू' कोरलं.

आठव्या दिवशी किसनराव आले. वर्षाली डबा ठेवून निघतच होती. किसनरावांनी काच उघडली, चावी ओढून काटे बारावर आणले, बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं.

"सूर्यभानजी, हा हात कोणाचा?"

"माहाच. दुसऱ्या कोणाचा?"

"नाही. चार वर्षं झाली, तुमी घडी साफ करून काटे बसवता आन् बारावर ते मिळतच नाहीत. नखभर फरक राह्यते. आज दोन्ही काटे एक झाले."

सूर्यभानजींनी हातातलं भिंग खाली ठेवलं. "मंग चार वर्षं बोलले काहून नाही?"

"बोललो असतो तं तुमी मले दुसऱ्या दुकानात धाडलं असतं."

 मग सूर्यभानजींनी घड्याळ परत घेतलं, झाकण काढलं आणि कोरणी वर्षालीपुढे धरली. "तुह्या नावाचं अक्षर काढ."

तिनं आतलं ताजं 'सू' पाहिलं. "हे खोडू?"

"राहू दे. खोटं बोललो थे दिसू दे. त्याच्या वर काढ."

तिनं 'व' काढला. झाकण बसवून सूर्यभानजींनी घड्याळ किसनरावांच्या हातात ठेवलं, गिऱ्हाइकासमोर, भर दुपारी, कापत्या हातानं. किसनरावांनी घड्याळ घेतलं आणि तो हात बराच वेळ सोडला नाही.