वर्षाच्या परवानगीचे डॉक्टर

"वाचा बघू, बाब." औषधाची चिठ्ठी माझ्या हातात ठेवली की आमचे डॉक्टर एवढं म्हणायचे ('बाब' हा त्यांच्या मुलखातला आदराचा शब्द) आणि डोळे मिटून उभे राहायचे. मी मोठ्याने वाचायचो, ते मान डोलवायचे, आणि मगच मला तराजूला हात लावता यायचा. वीस वर्षं पुड्या बांधणाऱ्या माझ्यासारख्या कंपाउंडरला हे फार लागायचं.

तुम्ही त्या काळी ठाण्यात असता तर तुम्हीही त्यांना बघायला आला असता. आमच्या धर्मार्थ दवाखान्यात परदेशात शिकलेला डॉक्टर येणार अशी आवई उठली होती. ओट्यावर ही गर्दी! आणि टांग्यातून उतरलं कोण, तर गळ्यात क्रूस आणि बगलेत सुक्या बांगड्यांचं पुडकं घेतलेला गोव्याचा किडकिडीत तरुण. लोक हिरमुसले. पण कागदोपत्री तो परदेशीच. गोवा पोर्तुगिजांचा, आणि तिथल्या वैद्यकशाळेचा दाखला इंग्रजी मुलखात चालत नसे. म्हणून त्यांना वर्षाची तात्पुरती परवानगी मिळाली होती. दवाखान्याचे मुख्य डॉक्टर, म्हणजे मोठे साहेब, यांच्या देखरेखीखाली काम करायचं, प्रत्येक रोगी वहीत लिहायचा, आणि संध्याकाळी साहेबांनी वही वाचून सही करायची. वर्ष बिनबोभाट गेलं की पक्का परवाना.

काही रोगी तोंडावर म्हणत, "आम्हाला साहेबच बघू देत." डॉक्टर हसत. "मला दुखलं तर मीसुद्धा त्यांच्याकडेच जाईन," म्हणत, आणि बोलता बोलता नाडी बघून मोकळे होत.

वर्ष सरत आलं तसे ते रोज टपालाची वाट बघू लागले. ते इकडे आल्यानंतर गोव्यात त्यांना मुलगी झाली होती. पक्का परवाना हाती आला की बायकोला आणि त्या न पाहिलेल्या लेकीला आणायचं ठरलं होतं. खोलीही बघून ठेवली होती. आठ दिवस उरले होते, आणि मी शहाणपणा केला.

त्यांच्या गोव्यात औषध ग्रॅममध्ये तोलत, आमच्याकडे ग्रेनमध्ये. एका ग्रॅमचे पंधरा ग्रेन. चिठ्ठीवर नुसता आकडा असे. सुरुवातीला एकदोनदा त्यांनी सवयीने ग्रॅमचा आकडा लिहिला होता, आणि मी वाचून दाखवताना तो त्यांच्याच लक्षात आला होता. त्या दिवशी तापाच्या रोग्यांची रीघ लागली होती. डॉक्टर आत अडकले होते, चिठ्ठ्या वाचून न घेता नुसत्याच बाहेर येत होत्या. मिठागरावर काम करणाऱ्या कोपरीच्या हिराबाईच्या चिठ्ठीवर क्विनीनचा आकडा होता दोन. एवढा ताप आणि दोनच ग्रेन? डॉक्टर पुन्हा चुकले, असं मी धरून चाललो आणि तीस ग्रेनची एकेक पुडी बांधली. त्यांची चूक सावरल्याचा मला आनंदसुद्धा झाला. बाई अशक्त होती म्हणून त्यांनी मुद्दाम कमी दिलं होतं, हे मी विचारलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा नवरा धावत आला. "दाक्तर, हिला कय आयकूच येत नाय! कानान घंटा वाजते सांगते, न सारखी वकते."

बहिरेपण, कानात घंटा, ओकाऱ्या, ही क्विनीन जास्त झाल्याची लक्षणं. डॉक्टरांनी त्याच्या हातातली उरलेली पुडी उघडली, तोलली, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि त्याच्याबरोबर कोपरीला गेले. दोन दिवस ते तिच्या उशाशी होते. चौथ्या दिवशी तिला ऐकू यायला लागलं. पुढे भेटली तेव्हा हसत म्हणाली, "चार दीस नवऱ्याचा बोलना आयकू आला नाय, बरा वाटला." मला हसू आलं नाही.

वहीत त्यांनी लिहिलं, 'औषधाचे माप चुकले. जबाबदारी माझी.' माझं नाव कुठेच नव्हतं. मी म्हटलं, "मी साहेबांकडे जातो."

"जाऊ नका. चार पोरं आहेत तुम्हाला. तुमची नोकरी जाईल, माझा परवाना फक्त लांबेल. आणि खोटं काय लिहिलंय मी? साहेब मला बघतात, तसं तुम्हाला बघणं माझं काम. मी बघितलं नाही."

मी गेलो नाही. भ्यालो, हे आज सरळ सांगतो. साहेबांनी वही वाचली आणि वर्ष पहिल्यापासून मोजायला लावलं. घरमालकाकडे जाऊन डॉक्टरांनी खोली सोडल्याचं सांगितलं.

माझी पोरं त्या नोकरीवर शिकली. डॉक्टर पुढे कल्याणला गेले, तिथेच वारले, आणि आता त्यांचे आभार मानायला ठाण्यात कोणी उरलेलं नाही. पण मला ते दिसतात ते ठाणे स्टेशनवर, पक्का परवाना मिळाल्यावर बायको-मुलीला उतरवून घ्यायला गेलो तेव्हाचे. पोरगी आपल्या पायांनी चालत आली आणि वडिलांना बघून आईच्या झग्यामागे लपली. मला राहवलं नाही. "डॉक्टर," मी म्हणालो, "ही रांगली, उभी राहिली, चालली, ते सगळं माझ्यामुळे तुमचं..."

"हळू, बाब," ते म्हणाले. "ती घाबरेल." आणि नवा कोरा कोट घातलेला तो माणूस फलाटाच्या धुळीत मांडी घालून बसला, तिने आपण होऊन पुढे यावं म्हणून.