सावलीतली नोकरी

मी पडले ते कुणाला सांगण्यासारखं पडणंही नव्हतं. वारज्याला आमच्या सोसायटीच्या फाटकातून गाडी आत वळवत होते. शेजारच्या बांधकामाची वाळू रस्त्यावर सांडली होती, पुढचं चाक घसरलं आणि गाडी आडवी झाली. वेग म्हणाल तर पायी चालणाऱ्यानेही मागे टाकावं इतका. मागे आई बसली होती, सत्तरीला आलेली. वॉचमन, फाटकापाशी बसणारी भाजीवाली, तळमजल्यावरचे काका, सगळे तिच्याकडे धावले. आजी, लागलं का, आजी, एकदम उठू नका. आई उठली, साडी झटकली आणि माझ्या अंगावरची गाडी वॉचमनच्या आधी तिनेच उचलली.

मी तशीच पडून होते. उजवा हात अंगाखाली आला होता आणि मनगटातून वाळकी काडी मोडल्यासारखा आवाज आलेला मी ऐकला होता. माझ्याकडे आधी कोणी बघितलं नाही यात त्यांची चूक नव्हती. डोक्याला नि तोंडाला स्कार्फ, त्यावर गॉगल, अंगात पांढरा सनकोट, कोपरापर्यंत हातमोजे. पुण्यात गाडीवर जाणाऱ्या निम्म्या बायका अशाच दिसायच्या, दरोडा घालायला निघाल्यासारख्या. त्यात दुखणारी कोण आणि शाबूत कोण, हे ओळखणार कसं?

दवाखान्यात सनकोटाची बाही कापावी लागली. डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि फार न बोलणाऱ्या. त्यांनी एक्सरे उजेडावर धरला, खाली ठेवला, परत धरला. मग गाडी किती वेगात होती ते विचारलं. मी सांगितलं. त्यांनी पुन्हा विचारलं, मी पुन्हा तेच सांगितलं. एवढ्याशा पडण्याने एवढं मोडायला नको, असं त्या कागदाकडे बघतच म्हणाल्या. नंतर माझा तो बाहेर आलेला फिका हात त्यांनी न हलवता, वाकून पाहिला आणि विचारलं, "ऊन कधी लागतं तुम्हाला?"

मी काही बोलायच्या आत आई म्हणाली, "नाही जी. लहानपणापासून उन्हात जाऊच देलं नाही तिले."

हे तिने अभिमानाने सांगितलं. आपल्या लेकीचा पहिला नंबर आला हे सांगावं तसं. डॉक्टरीणबाईंचं लिहिणं थांबलं. त्यांनी आईकडे पाहिलं, मग पुन्हा माझ्या हाताकडे. हाडांची घनता तपासायची, असं ठरलं. घरात असे त्रास आईकडून येतात म्हणून आईचीही तपासायची.

सावलीतली नोकरी हा आईचा शब्द. ती मूळची विदर्भातली. तिचं सगळं माहेर दुसऱ्याच्या शेतात राबणारं. हिवाळ्यात कापूस वेचायचा आणि वैशाखात, जेव्हा जनावरंसुद्धा झाड सोडत नाहीत तेव्हा, तापलेल्या काळ्या रानातून कापल्या पिकाची धसकटं वेचायची. तिची थोरली बहीण अशीच एका दुपारी धसकटं वेचताना खाली बसली ती उठलीच नाही. ऊन लागलं, एवढंच घरात म्हणत. आई तेव्हा लहान होती आणि तिथेच होती. याच्या पुढचं ती कधी काही सांगत नसे.

लग्न होऊन ती खडकीच्या क्वार्टर्समध्ये आली, कारण वडील तिथल्या कारखान्यात लागले होते. मी झाले तेव्हा तिने म्हणे वडिलांना एकच गोष्ट सांगितली, ही सावलीत काम करेल. आमच्या लोकांना शिक्षणाचं महत्त्व सांगायला विहारात पुष्कळ वक्ते येत. आईला त्या सगळ्या भाषणांतून एवढंच कळलं होतं की शिकलेल्या माणसाच्या डोक्यावर छप्पर असतं. मग तिने मला शिकवलं, आणि छप्परसुद्धा आधीपासूनच धरलं. शाळेत मी काळी छत्री घेऊन जायची, पावसाळा नसताना. खेळाच्या तासाला मी वर्गात बसायची. पोरं छत्रीवाली म्हणायची आणि मी घरी येऊन रडायची, तर आई म्हणायची, रडू दे, उन्हात रडत नाहीस ना. गोरं दिसण्याशी तिला काही देणंघेणं नव्हतं. लग्न तर मी केलंच नाही, तो वेगळा विषय.

पुढे शहरात गल्लोगल्ली संगणकाचे क्लास निघाले. मी एका ऑफिसात डेटा एंट्री करत होते, तिथून टेस्टिंग शिकले आणि हिंजवडीला लागले. सकाळी कंपनीच्या बसने जायचं, पडदे ओढून झोपायचं, आणि परतायचं ते दिवे लागल्यावर. सुट्टीच्या दिवशी गाडी काढायची ती सगळा बंदोबस्त करून. एकदा कंपनीने घरच्या मंडळींना बोलावलं होतं तेव्हा आई आली. तिने काचेच्या भिंतीला हात लावला, तो गार लागला. माझ्या टेबलापाशी ती बराच वेळ उभी राहिली. "इथं तर ऊन सापडतच नाही वो," ती म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले. तो तिच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा दिवस असावा. विहारातल्या प्रत्येक बाईला तिने त्या गार काचेबद्दल सांगितलं.

तपासणीचा निकाल आला तेव्हा आम्ही दोघी डॉक्टरीणबाईंसमोर शेजारी शेजारी बसलो होतो. आईची हाडं तिच्या वयाच्या मानाने चांगली होती. माझी तिच्याहून वाईट होती. असं नेहमी होत नाही, त्या म्हणाल्या. पाळी लवकर गेली, बैठं काम, कधी वजन उचललं नाही, ऊन नाही, सगळं एकत्र आलंय. मग त्यांनी आवाज न बदलता सांगितलं, "मनगट जुळेल. पुढच्या पडण्यात खुबा मोडला, तर तुम्ही पुन्हा अशा चालालच असं मी सांगू शकत नाही."

पंचेचाळिशी नुकती ओलांडली होती मी. घरी रिक्षाने येताना मी एका हाताने दांडा घट्ट धरून बसले होते आणि प्रत्येक खड्ड्याला माझा जीव जात होता. रिक्षावाल्याला दोनदा सावकाश जा म्हटलं, तर तो म्हणाला, याच्यापेक्षा सावकाश गेलो तर गाडी थांबेल ताई.

त्यानंतरचे दिवस मी घाबरून काढले, दुसरा शब्द नाही. न्हाणीघराची फरशी, उंबरा, जिन्याची पायरी, पाय पुसायची गोणी, ज्या गोष्टींकडे कधी लक्ष गेलं नव्हतं त्या सगळ्या माझ्या वैरी झाल्या. ओट्याखाली पाण्याचा थेंब दिसला की मी तिथेच थांबायची आणि आईला हाक मारायची. ती येऊन फडक्याने पुसायची, उकिडवी बसून, आणि कशालाही न धरता सरळ उभी राहायची. ते बघून मला तिचा राग यायचा. सत्तरीच्या बाईचा तिच्या गुडघ्यांवरून राग येणं बरं नव्हे, पण यायचा.

गोळ्या होत्याच. बाकी डॉक्टरीणबाईंनी जे सांगितलं त्यातलं जे स्वयंपाकघरातून होण्यासारखं होतं त्यावर आई तुटून पडली. नाचणीची भाकरी, जवसाची चटणी, तीळ, शेवग्याच्या पाल्याची भाजी, ताक. मी डाव्या हाताने खात होते आणि ती समोर बसून घास मोजल्यासारखी बघत होती. प्लास्टर निघाल्यावर ती मला पाण्याची कळशी उचलायला लावायची, आधी अर्धी, मग भरलेली. जिना रोज चढायला लावायची, एक पायरी मागे राहून, दोन्ही हात पसरून, जणू मी पडलेच तर ती मला झेलणार होती. नुसतं चालून तरी काय उपयोग, म्हणत ती मला गव्हाचं पीठसुद्धा गिरणीतून उचलून आणायला लावायची.

फक्त उन्हाचं नाव निघालं की ती ऐकू न आल्यासारखं करायची. सकाळचं ऊन थोडा वेळ हातापायांवर घ्या, असं कागदावर लिहिलेलं होतं. गच्चीवर गेले पहिल्या दिवशी, तर मागोमाग ती काळी छत्री घेऊन आली. मी म्हटलं, अगं, हे औषध आहे. ती म्हणाली, असू दे, छत्रीतूनही लागते. दुसऱ्या दिवशी तिने बाह्या ओढून दिल्या. तिसऱ्या दिवशी गच्चीच्या दाराची किल्लीच मिळेना, आणि ती कुठे असेल ते विचारलं तर तिने विषय भाजीवर नेला.

तेव्हा मी बोलू नये ते बोलले. "तुझ्या सावलीनेच माझी हाडं खाल्ली," मी म्हटलं.

ती शेवग्याचा पाला निवडत होती. तिचे हात थांबले नाहीत. तिने पाला निवडून संपवला, ताट आत नेऊन ठेवलं आणि देव्हारा नसलेल्या आमच्या घरात बुद्धाच्या मूर्तीसमोर जाऊन बसली. त्या दिवशी वंदना म्हणतानाचा तिचा आवाज मला ऐकू आला नाही. किल्ली दुसऱ्या सकाळी माझ्या ताटाशेजारी ठेवलेली होती.

मी एकटी वर गेले. रात्री टाकी भरून वाहिली होती आणि गच्चीवर जागोजाग पाणी साचलं होतं. मी दारातच उभी राहिले. कोरड्या कोपऱ्यापर्यंत जायला मधली ओली फरशी ओलांडावी लागणार होती आणि माझे पाय चिकटले होते. मागून जिन्यावर पावलं वाजली. आईने काही न बोलता माझं कोपर धरलं आणि आम्ही दोघी पाण्यातून पाय घासत पलीकडे गेलो. तिची बोटं माझ्या हाडाभोवती इतकी घट्ट होती की दुखत होतं, आणि ते दुखणं मला हवं होतं.

भिंतीशी पाय पसरून मी बसले, बाह्या वर केल्या. तरी ऊन काही लागेना. वर पाहिलं तर आई माझ्या आणि सूर्याच्या मधे उभी होती. हातात छत्री नव्हती. ती मुद्दाम उभी होती असंही नाही, तिला उभं राहायची तेवढीच जागा माहीत होती.

"आई, बाजूला हो."

"माहा पाय उचलत नाही," ती म्हणाली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "तिच्यावर सावली धराले कोणी नव्हतं. मी होती, पण लहान होती."

मी डावा हात वर केला आणि तिच्या साडीचं टोक धरून हलकेच ओढलं, लहानपणी ओढायची तसं. ती हलली. एक पाऊल सरली, मग आणखी एक. ऊन माझ्या हातावर पडलं आणि खरं सांगते, ते चटकलं.

तिला ते बघवेना. ती पाठ फिरवून कठड्याशी उभी राहिली, पदर तोंडाशी धरून.

"झालं का?" तिने विचारलं.

"अजून थोडं," मी म्हटलं.

जरा वेळाने तिने पुन्हा विचारलं, झालं का. मी पुन्हा म्हटलं, अजून थोडं. ती तशीच पाठमोरी उभी राहिली.