राखून ठेवलेलं

हॉटेलातल्या रिकाम्या टेबलावर ‘रिझर्व्ह्ड’ची पाटी दिसली की माझी भूक मरते.

ऐंशीच्या दशकात एटापल्लीकडच्या एका गावात मी नवा मास्तर होतो. मोहफुलांचा हंगाम होता. वाटेवर तो गोड, आंबूस वास दाटलेला. जंगलाच्या कडेला नवी पाटी लागली होती. शेजारच्या सोमीबाईनं विचारलं, "मास्तर, का लिवलं हाये?"

‘रिझर्व्ह फॉरेस्ट.’ माझ्या नेमणुकीच्या कागदावरही, राखीव जागेसाठी, हाच रिझर्व्ह शब्द होता; बौद्ध दीक्षा घेतलेल्या आमच्या घरात त्यानंच पहिली नोकरी आणली होती. मी हौसेनं म्हणालो, "राखून ठेवलं हाये, बाई."

"बरं झालं. आमच्यासाठी कोनी तं राखलं."

हे रान आता तिला बंद आहे, हे मला ठाऊक होतं. पण तिचा खुललेला चेहरा पाहून मी गप्प राहिलो.

दुसऱ्या दिवशी जंगलखात्याच्या नाकेदारानं तिची फुलांची टोपली ठेवून घेतली. ती परतली तेव्हा डोक्यावर नुसती चुंबळ होती. "मास्तर, कोनासाठी राखलं?"

पुढे मी शब्दकोश उघडला. मूळ लॅटिन, अर्थ मागे राखणे. कोणासाठी, ते तिथंही लिहिलेलं नव्हतं.