एसीपुढची उदबत्ती

आम्ही डोंबिवलीतल्या या इमारतीत राहायला आलो त्याच आठवड्यात मी समोरच्या दातारकाकांना एसीला उदबत्ती ओवाळताना पाहिलं. दार उघडं होतं. डोक्याला माकडटोपी, अंगात बिनबाह्यांचा स्वेटर, काका स्टुलावर उभे. मी दारातूनच हात जोडले. काका म्हणाले, "अहो, नमस्कार कसला करताय? धूर कुठे वळतोय ते बघा."

धूर खिडकीतल्या एसीच्या चौकटीपाशी आडवा होत होता. म्हणजे तिथे फट होती, आणि फटीतून घरातली ऊब बाहेर चालली होती. काकांचा मुलगा निनाद कॅनडात. तिकडे हिवाळ्यात अशा फटी बुजवतात, हे त्याने एकदा फोनवर सांगितलं होतं. तिथे उणे वीस आणि इथे अधिक वीस, हा फरक काकांच्या लेखी किरकोळ होता. "आत जी ऊब आहे ती आपली आहे, सुनीताबाई. ती रस्त्याला का वाटायची?" हे मी दर डिसेंबरात ऐकलं.

तुळशीचं लग्न आटोपलं की एसीच्या तोंडावर थर्माकोल, त्यावर जुनी रजई, त्यावर प्लास्टिक आणि चारी कडांना ब्राउन टेप. काकू पंखा लावून बसत. "यांनी ऊब अडवली, आता मला वारा कोण देणार?" काका मुकाट्याने पंखा एकवर आणत.

आम्ही सगळेच हसायचो. एकदा मी माझ्या घरी उदबत्ती फिरवून पाहिली. धूर वळला. मी फटीत वर्तमानपत्र कोंबलं आणि कोणाला काही बोलले नाही.

गेल्या डिसेंबरच्या अखेरीस निनाद चार वर्षांनी आला, तीन वर्षांच्या अर्णवला घेऊन. काका नातवाला पहिल्यांदाच पाहणार होते. पोराला वारा लागू नये म्हणून त्यांनी दुहेरी रजई लावली. दुसऱ्याच दिवशी पोराच्या मानेवर घामोळं. रात्रभर रडला. सकाळी निनाद म्हणाला, "बाबा, एसी लावा, नाहीतर मी याला घेऊन ठाण्याला हॉटेलात जातो."

काकू मला बोलवायला आल्या, कारण टेप निघत नव्हती. मी कात्री आणि खोबरेल तेल घेऊन गेले. काका स्टूल धरून उभे होते. एकदाच म्हणाले, "सावकाश. थर्माकोल परत वापरायचाय."

पुढचे पंधरा दिवस एसी अठरावर चालला. अर्णव उघडाच झोपायचा आणि शेजारी काका माकडटोपी, मफलर, दोन चादरी घेऊन. दुसऱ्या खोलीत झोपा म्हटलं तर ऐकत नसत. शिंका देत राहिले. काकू सांगायच्या, टोपीचा गोंडा हातात असल्याशिवाय पोराला झोपच येत नाही.

ते दोघं परत गेले त्या दुपारी काकांनी मला हाक मारली. थर्माकोल धरायला माणूस हवं होतं. मी म्हटलं, "काका, संक्रांत झाली, आता कसली थंडी?" शेवटची पट्टी लावून त्यांनी पंखा बंद केला, उदबत्ती पेटवली आणि चौकटीपाशी धरली. खोलीत घामोळ्याच्या पावडरीचा वास कोंडला होता. धूर सरळ वर गेला.

"बघा," काका म्हणाले, "काही जात नाहीये."

मी निघताना दार घट्ट ओढून घेतलं.