मोरीचा उतार

वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूंचं काहीही बिघडलं तरी मी प्लंबर, गवंडी कुणालाच बोलवत नसे. पान्हा, थापी, छिन्नी, सगळं माझ्याकडे होतं. आपला हात चालतोय तर दुसऱ्याला कशाला बोलवायचं, हा माझा खाक्या. बायको म्हणायची, "तुम्ही केलेली दुरुस्ती दुरुस्त करायला मग माणूस लागतो." मी तिकडं कानाडोळा करायचो.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी वर शाहूवाडीकडचं एक जोडपं राहत होतं. त्यांच्या मोरीची जमीन उखडली होती. त्यांची लेक पहिल्या बाळंतपणाला आठ दिवसांत यायची होती, म्हणून त्या घरच्या वहिनींनी तगादा लावला. मी दिवसभर खपून सिमेंटचा कोबा घातला, वरून गुळगुळीत केला आणि स्वतःवरच खूश झालो.

तिसऱ्या दिवशी सकाळी वहिनी जिन्यातूनच ओरडत आल्या. "मालक, पाणी घरात यायलंय की!"

जाऊन बघतो तर उतार पाणी जायच्या जाळीकडे नव्हे, दाराकडे. दाराशी बसून थापी आपल्याकडेच दाबत आलो होतो, दुसरं काय होणार!

"पोटुशी पोर घसरली म्हंजे? आमी दुसरी खोली बघतोय. राग आला तर येऊ द्या."

राग आलाच, पण खरं तर माझाच मला. चांगली माणसं माझ्या हट्टापायी घर सोडून निघाली होती. छिन्नी-हातोडा घेऊन कोबा फोडला, नवा माल कालवला. तेवढ्यात वहिनींनी थापी हातातून काढूनच घेतली. "सरका. जल्मभर अंगण सारवलंय. पाणी कुठं पळतंय ते हाताला कळतंय."

हातावर दुधाची रिकामी पिशवी चढवून त्या कोपऱ्यातल्या जाळीपासून मागं सरकत, माल थोडा थोडा चढवत सारवत आल्या. मी मालक असून घमेली देत राहिलो.

खोली बघणं थांबलं. लेक आली, बाळंत झाली, दवाखान्यातून तान्ह्या मुलीला घेऊन वर गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी परसात दात घासत होतो, तर मोरीच्या पाइपातून कोमट पाणी भळाभळा पडायला लागलं. वर पोरगी टाहो फोडत होती, वहिनी तिला न्हाऊ घालत गप करत होत्या. माझ्या पायांवर शिंतोडे उडाले तरी मी हललो नाही. माझ्या हातच्या कुठल्याच कामानं मला एवढा आनंद दिला नव्हता.